आतलं पाकीट

लालासाहेबांनी भरलेला अर्ज परत येत नाही, हे हिंगणवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पलूसहून येणारी एसटी जिथं वळते, तिथंच त्यांचं घर. घरापुढं दगडी कट्टा आणि कट्ट्यावर काळी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, हवालदार हा हुद्दा आणि पलटणीतला नंबर. चौदा वर्षं झाली रिटायर होऊन; रंगाचे पोपडे निघाले, नंबरातले दोन आकडे उडाले, पण ट्रंकेच्या आत शिस्त तीच होती. कोरे कागद उजवीकडं, टाचण्या डबीत, डिंकाची बाटली उभी आणि तिच्या तोंडाला स्वच्छ चिंधी.

सकाळी नऊला चहा घेऊन ते कट्ट्यावर बसत. मग कुणी पेन्शनवाला हयातीच्या दाखल्यासाठी येई, कुणाची उसाची नोंद राहिलेली असे, कुणा बाईचं रेशनकार्डावर नाव चढायचं असे. लालासाहेब आधी सगळं ऐकून घेत. मग पेनाचं टोपण काढत आणि कागदाच्या डाव्या अंगाला वळणदार अक्षरात लिहीत, ‘प्रति,’. तो स्वल्पविराम दिला की जरा थांबत. समोरचा माणूस उतावीळ झाला की म्हणत, “थांब गड्या. कुनाकडं जायचंय त्ये एकदा ठरलं, की निम्मा अर्ज झाला.”

हे ते पलटणीत शिकले होते. हुद्दा हवालदाराचा, पण कंपनीतल्या निम्म्या पोरांचे कागद त्यांच्याच हाताखालून जात. रजेचे, मनिऑर्डरींचे, लग्नाच्या नोंदीचे. आणि निवडणूक आली की मतांचेही.

सीमेवरच्या जवानाचं मत टपालानं जातं. त्याला दोन पाकिटं असतात, एक लहान आणि एक मोठं. लहानात मतपत्रिका घालायची. मोठ्यात ते लहान पाकीट घालायचं, आणि त्याच्याशेजारी एक सुटं घोषणापत्र, की मी अमुक, हे मत माझंच. सरकारी कागदावर असंच छापलेलं असे. पण लालासाहेबांनी त्यात स्वतःची एक सुधारणा केली होती. त्याला कारण घडलं होतं. एकदा एका जवानाच्या रजेच्या अर्जाबरोबरचा सुटा दाखला टपालात कुठं तरी निसटला. अर्ज परत आला, दुसरा पाठवला, तोवर त्या पोराच्या बहिणीचं लगीन होऊन गेलं. तेव्हापासून लालासाहेबांचा सुट्या कागदावर विश्वास नव्हता. म्हणून मतांच्या वेळी घोषणापत्राची चौघडी करून ते मतपत्रिकेबरोबर लहान पाकिटातच घालायला लावत, आणि वरून डिंक असा फिरवत की पाणी शिरू नये. मग ते पाकीट मोठ्यात. “सगळं एका जागी,” म्हणत. “आता हरवतंय कुटं बघू.”

दोन निवडणुकांत त्यांनी अशी सदतीस पाकिटं बंद केली होती. साताऱ्याच्या पोरांची साताऱ्याला गेली, सांगलीची सांगलीला. बर्फात बसून आपण सदतीस माणसं गावाकडच्या रांगेत उभी केली, याचा त्यांना फार अभिमान होता. छातीवरच्या पदकांबद्दल ते बोलत नसत. या पाकिटांबद्दल मात्र बोलत.

त्या सदतीसांतलं एक पाकीट जोतीरामचं होतं.

जोतीराम जतच्या बाजूचा. मेंढरांमागं वाढलेला, पलटणीत येईस्तोवर बूट न घातलेला पोरगा. पण वाचायचा नाद भारी. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचून मगच गोळी घेई. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या निवडणुकीत त्यानं मत टाकलं आणि सतराव्या दिवशी शिधा नेणारी गाडी दरीत गेली. गाडीत तो होता. शवपेटी घेऊन गावाला कुणी जायचं, तर लालासाहेब स्वतःहून पुढं झाले.

माळावरची वस्ती. कुसळाचं रान, एक लिंबाचं झाड, बिरोबाचं छोटं देऊळ. जोतीरामची आई अंबूबाई रडत नव्हती. पेटीवर तळहात ठेवून बसली होती. सगळं उरकल्यावर तिनं लालासाहेबांना विचारलं, “माज्या लेकानं शेवटाला काय केलं वो?”

लालासाहेबांना गाडीचं सांगवेना. जे सुचलं ते बोलले. “मत दिलं, आई. मी माज्या हातानं पाकीट बंद केलं. आन त्ये पोचलं. सरकारनं मोजलं.”

अंबूबाईनं त्याआधी जन्मात मत दिलं नव्हतं. निवडणुकीच्या दिवसांत तिचं घर मेंढरांबरोबर कृष्णेकाठी उसाच्या पट्ट्यात असे. कुणाच्या तरी रिकाम्या रानात कळप बसवलेला. पण त्यानंतरच्या निवडणुकीला ती चार दिवस चालत वस्तीवर आली आणि मत देऊन गेली. तेव्हापासून एकही चुकवली नाही. मत दिलं की शाईचं बोट घेऊन ती देव्हाऱ्यापुढं बसे. तिथं देवांच्या टाकांच्या ओळीत जोतीरामचा टाक होता, चांदीच्या बोटभर पत्र्यावर उठवलेला. त्याला ती बोट दाखवी. म्हणे, “ह्ये बघ, तुज्या शेजारी माजं.”

आणि लोकसभेचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत लालासाहेबांनी वस्तीवर जायचं आणि कोण आलं ते सांगायचं, असा रिवाजच पडून गेला. तिला तो निकाल टीव्हीवरनं नको असे. ज्यानं लेकाचं पाकीट बंद केलं, त्याच्याच तोंडून हवा असे.

यंदा मतदान झालं मे महिन्यात. त्यानंतर एक दिवस पुतण्या उदयसिंह कट्ट्यावर येऊन बसला. तो एका उमेदवाराच्या मागं वर्षभर फिरत होता. याआधी दुसऱ्या एकाच्या मागं फिरत होता. उपरणं बदललं होतं, मोटारसायकल तीच.

“नाना, चार जूनला सांगलीला येनार का? मोजनीच्या जागी आपला मानूस बसाय पायजे.”

“मी कशाला? तुमी हायसा की पोरं.”

“आवं, टपाली मतांचं टेबल हाय. तिथं आपल्या पोरांस्नी काय कळतंय? फौजेच्या पाकिटांचं तुमच्यासारखं ज्ञान कुनाला हाय?”

हे शेवटचं वाक्य त्यानं जाणूनबुजून टाकलं होतं, आणि ते बरोबर लागलं. लालासाहेबांनी उमेदवार कोण हे विचारलंसुद्धा नाही. आयुष्यभर जी पाकिटं आपण टपालात टाकली, ती दुसऱ्या टोकाला कशी फुटतात, कशी मोजतात, हे डोळ्यांनी बघायला मिळणार. बायको बनुबाईला म्हणाले, “पांढरा सदरा काढून ठेव. इस्त्रीचा.”

बनुबाई कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेली. जमीन हलली तरी चुलीवरची भाकरी उलटून मग बाहेर येणारी बाई. ती म्हणाली, “लगनाला चालल्यागत चाललाय जनू.”

“त्येच्यापेक्षा मोठं काम हाय.”

चार जूनला सकाळी आठच्या आत लालासाहेब मोजणीच्या गोदामात बसले होते. गळ्यात पास, हातात कागद आणि पेन. फोन बाहेर जमा केलेले. प्रतिनिधींसाठी तारेची जाळी लावलेली आणि जाळीच्या पलीकडं टेबलं. पहिलं टेबल टपाली मतांचं. तिथली अधिकारी एक चष्म्याची बाई होती. कामाला वाघीण, आवाज मात्र मऊ. शेजारी दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी, वीरधवल नावाचा कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला तरुण. जाळीला नाक लावून बसला होता.

आता पाकिटांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन आले होते. यंत्र त्यावर लाल उजेड टाकी आणि टुंई करून आवाज देई. मग मोठं पाकीट फोडायचं, आतलं घोषणापत्र काढून बघायचं, मग लहान पाकीट बाजूच्या ट्रेमध्ये. लालासाहेब मान लांब करून बघत होते. आपलीच पोरं समोरून चालत जावीत तसं त्यांना वाटत होतं. एवढ्या लांबून आलेली, एवढी धूळ खाल्लेली पाकिटं, आणि कुणी तरी बाई ती दोन्ही हातांनी अलगद उचलतेय.

मग एक पाकीट फोडलं आणि त्यातून फक्त लहान पाकीट निघालं. बाईनं मोठं पाकीट उलटं करून झटकलं. आत डोकावलं. लहान पाकीट उजेडापुढं धरलं. ते चांगलं फुगलेलं होतं.

“घोषणापत्र नाही,” बाई म्हणाली. “नामंजूर.”

शिपायानं ते न फोडताच वेगळ्या ट्रेमध्ये टाकलं.

लालासाहेब उभेच राहिले. “म्याडम, म्याडम, एक मिनिट. घोषनापत्र आतल्या पाकिटात असनार. मतपत्रिकेबरूबर. फोडून बघा की.”

“असेल ना,” बाई म्हणाली. “पण आतलं पाकीट घोषणापत्र तपासल्याशिवाय उघडता येत नाही. मत कुणाचं आणि कुणाला, हे एकदम दिसून चालत नाही, काका. म्हणून तर दोन पाकिटं असतात.”

“पन त्यो फौजी हाय. त्येनं एवढ्या लांबनं...”

“हवालदार,” वीरधवल हसून म्हणाला, “एवढं कळवळताय त्ये तुमच्या उमेदवाराचं हुतं म्हनून व्हय? आमचं बी असू शकतंय की. बसा.”

लालासाहेब बसले. अर्ध्या तासात आणखी एक तसंच निघालं. मग लागोपाठ दोन. बाईनं चष्मा वर सरकवला आणि शेजारच्या कारकुनाला सहज म्हणाली, “दर निवडणुकीत अशी निघतात बघा. पलटणीत कुणी तरी शिकवत असणार, सगळं एकत्र घाला म्हणून.”

ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण लालासाहेबांच्या कानांत ते कढत तेल ओतल्यासारखं गेलं. जाळीची तार त्यांनी बोटांत धरली होती, ती सोडवेना.

त्यांना ती बंकरातली सकाळ आठवली. स्टोव्हची फरफर, डिंक गोठलेला म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवलेली. आणि जोतीराम सूचनांचा कागद डोळ्यांजवळ धरून उभा. “उस्ताद, यात तर घोषनापत्र भाईरच्या पाकिटात घालाय लिवलंय. आत न्हाई.” सगळी पोरं बघायला लागली होती. लालासाहेब म्हणाले होते, “पाकिटं भरून माजं केस पिकलं. तू मला शिकवनार? घाल आत.” जोतीराम हसला होता. “जी उस्ताद,” म्हणाला होता, आणि कागदाची चौघडी केली होती.

दुपार व्हायच्या आधीच टपाली मतं संपली. उठताना त्यांनी बाईला विचारलं, “ही न फोडल्याली पाकिटं कुटं जात्यात?”

“वेगळ्या लखोट्यात सील करून ठेवतात. मुदत संपली की नष्ट करतात.”

“जाळत्यात?”

“नष्ट करतात,” बाई पुन्हा म्हणाली आणि पुढच्या कागदाकडं वळली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. उदयसिंहाचा उमेदवार पुढं होता आणि फेरीगणिक आणखी पुढं जात होता. तीन वाजता गुलाल उधळला. हलगी, फटाके, जेसीबीच्या बकेटातून फुलं. उदयसिंहानं गुलालाची मूठ काकांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर टाकली आणि गळ्यात पडला. “नाना! आलं की आपलं! गडी कितीनं निवडून आला ठावं हाय का?”

“टपाली मतं मोजलीच न्हाईत सगळी,” लालासाहेब म्हणाले. “चार पाकिटं माज्या डोळ्यादेकत टाकून दिली.”

उदयसिंहाला क्षणभर कळलंच नाही. “नाना, लाखात फरक हाय. चार पाकिटांचं काय घिऊन बसलाय?”

तो खोटं बोलत नव्हता. आणि म्हणूनच ते जास्त लागलं. परतीच्या जीपमध्ये पोरं टपावर चढून घोषणा देत होती, आणि लालासाहेब आत बसून माधवनगरच्या बंद पडलेल्या गिरण्यांची धुराडी मागं जाताना बघत होते. आपण सदतीस माणसं रांगेत उभी केली असं आपण पंधरा-वीस वर्षं सांगत आलो. ती माणसं रांगेत नव्हतीच. दाराबाहेर होती, आणि दार आपण डिंक लावून बंद केलं होतं. बरं, ती आत आली असती, तरी काय झालं असतं? जो आज निवडून आला, तो गेल्या खेपेला ज्यांना शिव्या घालत होता त्यांच्याच गाडीत बसून आला. जो पडला, त्याच्या मागची निम्मी माणसं दिवाळीपर्यंत इकडं येतील. जतच्या माळावर आजही पाण्याचा टँकरच जातोय. मग मत मोजलं काय आणि न मोजलं काय. हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. अशा बोलण्यावरून त्यांनी आजवर कट्ट्यावरच्या कितीतरी जणांना उठवून लावलं होतं.

घरी टीव्ही लागला होता. कोट घातलेली माणसं देश काय म्हणाला ते सांगत होती. देशानं अमुक ठरवलं, देशानं तमुक नाकारलं. लालासाहेब बघत राहिले. देश म्हणजे ज्यांची पाकिटं फुटली तेवढेच, असं त्यांना वाटलं. ते उठून टीव्ही बंद करून आले.

बनुबाईला त्यांनी सगळं सांगितलं. ती गुलालाचा सदरा बादलीत बुडवत होती. हात थांबले.

“म्हंजे जोतीरामचं बी...”

“व्हय. सगळी सदतीस. माजी सोताची दोन बी त्यातच.”

“आता अंबूबाईकडं जायाचं हाय.”

“व्हय.”

“सांगू नगासा,” बनुबाई म्हणाली. “म्हातारी त्येवढ्यावर जगतीया.”

“पंधरा वर्सं खोटं बोललो तिच्यापाशी.”

“खोटं कसं? तुमाला ठावं नव्हतं.”

“आता ठावं हाय.”

बनुबाईनं हात परत बादलीत घातले. सदरा पिळला तर पाणी गुलाबी निघालं. दुसऱ्यांदा पिळला तरी गुलाबीच.

चार दिवस लालासाहेब कट्ट्यावर बसले नाहीत. ट्रंक बंद. माणसं यायची आणि नाना आजारी दिसतात म्हणून परत जायची. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. अर्ज चुकला की परत येतो. वर लाल शेरा असतो, माणूस दुरुस्त करतो. म्हणून तर आपला अर्ज परत येत नाही याची आपल्याला एवढी घमेंड. पण मत चुकलं तर परत येत नाही. ती सदतीस पाकिटं परत आली नाहीत, म्हणून आपण समजलो की पोचली. एक जरी परत आलं असतं, तर जोतीरामचं तरी नीट गेलं असतं.

पाचव्या दिवशी ते एसटीत बसले. सांगली, मिरज, मग पूर्वेला. मिरज मागं पडली की उसाचा हिरवा पट्टा संपतो. रान तांबडं होत जातं, झाडं बुटकी होतात, आणि मग नुसता माळ. फाट्यावर उतरून ते दोन किलोमीटर चालले. वस्तीच्या तोंडाशी निळ्या प्लॅस्टिकच्या टाकीपुढं घागरींची रांग होती. माणसं सावलीत बसलेली, रांगेत फक्त घागरी.

अंबूबाई लिंबाखाली लोकर विंचरत होती. पंच्याहत्तरीच्या पुढं गेली असेल. पाठ वाकलेली, पण डोळे खडखडीत.

“आलं बग माजं लालासाब,” ती म्हणाली. “लय दिस लावलं यंदा. मला वाटलं, निकाल लागलाच न्हाई जनू.”

“लागला, आई.”

“बसा. पानी घ्या. कोन आलं?”

लालासाहेबांनी नाव सांगितलं. ती मान हलवत राहिली.

“ह्यो मागं बी आल्ता न्हवं? आमच्याकडं पानी आनतो म्हनून बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपत घेतली हुती.”

“त्यो पडला. ह्यो दुसरा.”

“ह्येनं बी उचलला हुता,” अंबूबाई म्हणाली आणि तोंडाचं बोळकं उघडून हसली. “देव बी कटाळला आसंल भंडारा देऊन देऊन.”

मग तिनं डावा हात पुढं केला. नखाच्या मुळाशी शाईची काळी रेघ अजून होती. महिनाभरात नख वाढलं तशी थोडी पुढं सरकलेली. “मी दिलं बरं का. नातू गाडीवरनं न्यायला तयार हुता, मी चालतच गेलो. त्येला दावलं बी.”

लालासाहेबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. इतका वेळ जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. शेवटी अर्ज वाचून दाखवावा तसे बोलत गेले. दोन पाकिटं कशी असतात. कुठला कागद कुठं घालायचा असतो. आपण तो कुठं घालायला लावला. आणि सांगलीला जाळीतून आपण काय बघितलं. मधे थांबले नाहीत. थांबले असते तर पुढं बोलवलं नसतं.

अंबूबाईच्या हातातली फणी लोकरीत अडकून राहिली होती.

“म्हंजे फोडलंच न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“त्येनं कुनाला दिलं, त्ये कुनीच बघितलं न्हाई.”

“न्हाई, आई. चूक माजी हाय. त्येनं मला इचारलं हुतं. उस्ताद, हितं येगळं लिवलंय म्हनला हुता. मीच दटावला त्येला.”

“इचारलं हुतं?” अंबूबाईनं एकदम वर पाहिलं. “त्येला कळलं हुतं?”

“व्हय.”

“वाचल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई त्यो,” ती म्हणाली. चेहऱ्यावर एक उजेड आला आणि तसाच गेला. “मग आता कुटं हाय त्ये पाकीट?”

हाच प्रश्न येऊ नये म्हणून लालासाहेब एसटीत देवाचं नाव घेत आले होते.

“न्हाई आता. मुदत सपली की नष्ट करत्यात.”

“नष्ट म्हंजे?”

“जाळत्यात. न्हाईतर फाडत्यात.”

“त्येची सही हुती त्यात.”

“हुती.”

“आमी एकदाच जाळला त्येला,” अंबूबाई म्हणाली.

माळावरून वारा आला, लोकरीचा एक पुंजका उडून गेला. तिनं तो धरला नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यानं ती डाव्या नखावरची शाई घासत बसली. ती शाई अशी निघत नाही, हे तिलाही माहीत असणार.

“मग मी ह्ये बोट कुनाच्या शेजारी दावत हुतो?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. लालासाहेबांना वाटलं, तिनं दगड उचलून मारला असता तर बरं झालं असतं.

ऊन कललं. फाट्यावरून शेवटची एसटी साडेपाचला होती. लालासाहेब उठायला लागले, तेव्हा अंबूबाई म्हणाली, “तुमी अर्ज लिवता न्हवं? तुमचा अर्ज मागारी येत न्हाई म्हनत्यात.”

“लिवतो.”

“मग एक लिवा. माज्या लेकानं मत दिलं हुतं म्हनावं. त्येला कळत हुतं सगळं. चूक त्येची नव्हती. त्येवढं कुटं तरी त्येंच्या वहीत चढवा म्हनावं. निकाल बदला म्हनत न्हाई मी. नुस्तं चढवा.”

लालासाहेबांनी पिशवीतून कागद काढला. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कागद ठेवला. पेनाचं टोपण काढलं. डाव्या अंगाला, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, ‘प्रति,’.

आणि थांबले.

कलेक्टर? त्यांच्याकडं पंधरा वर्षांपूर्वीची राखसुद्धा नसेल. निवडणुकीचं कार्यालय? तिथं बाईनं नियम सांगितला होता, आणि नियम बरोबरच होता. पलटण? पलटण म्हणेल, पाकिटं कुणी भरली? निवडून आलेला? त्याला लाखाचा फरक होता. त्यांनी एकेक दार आठवून पाहिलं. चाळीस वर्षांत कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो, हे त्यांनी पाठ केलं होतं. या कागदाला टेबल नव्हतं. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका जमला, मोठा होत गेला, आणि स्वल्पविराम त्यात बुडाला.

“झाला?” अंबूबाईनं विचारलं.

तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी तिच्याकडं बघितलं. खरं सांगायला आले होते, आणि खरं सांगून झालं होतं. आणखी एकदा सांगायचं बळ अंगात उरलं नव्हतं.

“झाला,” ते म्हणाले.

अंबूबाईनं कागद दोन्ही हातांनी घेतला. पदरावर ठेवून तिनं त्याची चौघडी केली, कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून. “तुमच्याकडं नगं,” ती म्हणाली. “त्येला आदी दावतो. मग नातवाकडनं धाडतो.” आणि ती वाकत वाकत घरात गेली. दारातून लालासाहेबांना दिसलं, तिनं देव्हाऱ्यातला टाक उचलला, कागद खाली सारला आणि टाक वर ठेवून दिला. भंडाऱ्याची चिमूट टाकली.

लालासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. घागरींच्या रांगेजवळून जाताना एका बाईनं विचारलं, “हवालदार, यंदा कोन आलं वो?”

त्यांनी नाव सांगितलं. बाईनं आपली घागर एक पाऊल पुढं सरकवली. टँकर अजून आला नव्हता. लालासाहेब फाट्याच्या दिशेनं चालू लागले.